जुन्या वस्तूला कात्री लावण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तूंपासून दिवाळीसाठी घर कसे सजवावे, याविषयीचा सचित्र लेख वाचला. प्लास्टिकची नवी कोरी सजावट विकत आणण्याऐवजी बडोद्यातील शुक्रवारीच्या जुन्या बाजारात दोन फेऱ्या माराव्यात, हा त्यातील सल्ला मला मनापासून पटला, कारण गेली 22 वर्षे मी स्वतः तेच करीत आले आहे. तथापि त्याच लेखात पितळी डब्यांना पांढरा रंग देण्याची, कापड छापायच्या लाकडी ठशांवर आकडे ठोकून किल्ल्या अडकवायची पाटी करण्याची, क्रोशाचे रुमाल कापून दिव्यांच्या माळेवर चिकटवण्याची आणि ‘जुन्या लिपीतील पिवळे कागद’ पेटीवर डकवण्याची जी कृती दिली आहे, ती वाचल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. यांतील शेवटची चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती भरून निघत नाही, हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी शुक्रवारीत एका पस्तीवाल्यापाशी, म्हणजे रद्दीवाल्यापाशी, लाल फडक्यात बांधलेला हातकागदाचा एक गठ्ठा मला चाळीस रुपयांना मिळाला. कागद जाड, कडेला किंचित फुलासारखे फुटलेले. शाई काळी असावी, पण काळाने तपकिरी झालेली. आणि पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी एक सरळ रेघ ओढून तिच्याखाली न थांबता लिहीत गेलेली मोडी अक्षरे. ती लिपी मला वाचता येत नव्हती. मला फक्त तिची वळणे सुंदर दिसली. भाचीच्या लग्नासाठी सागाची एक पेटी सजवायची होती, म्हणून मी त्यांतली चार पाने कापली, पेटीच्या झाकणावर आणि बाजूंना पांढऱ्या डिंकाने चिकटवली, वर वॉर्निशचे तीन हात दिले. पेटीचे सर्वांनी कौतुक केले. उरलेल्या तुकड्यांची मी शुभेच्छापत्रे केली आणि ती ज्याला त्याला वाटून टाकली.

दोन वर्षांनी माझे चुलत सासरे भाचीच्या घरी आले असताना त्यांच्या हाती ती पेटी पडली. त्यांनी लहानपणी मोडी गिरवलेली होती. पेटी घेऊन ते खिडकीपाशी गेले, चष्मा पुसला आणि झाकणावरचा मजकूर हळूहळू, अडखळत वाचू लागले. ती एका लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यांची यादी होती. तांब्याचा बंब एक, पितळी घागरी दोन, परात एक, समयांचा जोड एक, प्रत्येकापुढे शेरांत वजन. वर मुलीचे नाव आणि तिथी असणार होती, पण तो भाग कात्रीखाली गेला होता. खालच्या अंगाला यादी अर्ध्या शब्दावर तुटत होती. त्यांनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली आणि मला इतकेच विचारले, “अगं, याचं पुढचं कुठं आहे?” पुढचे कुणाच्या तरी शुभेच्छापत्रावर गेले होते. कुणाच्या, ते मला सांगता आले नाही. लग्नाच्या पेटीसाठी मी नकळत दुसऱ्या एका मुलीच्या लग्नाची यादी कापली होती, हे मनातून आजही जात नाही.

बडोद्यातील मराठी घरांतून असे कागद अजूनही बाहेर पडतात. गायकवाडांच्या राज्यात कारकुनीला, फौजेत किंवा देवस्थानच्या व्यवस्थेला आलेल्या घराण्यांच्या माळ्यांवर जमाखर्चाच्या वह्या, पत्रे, दानपत्रांच्या नकला, औषधांच्या पाठांचे कागद असे बरेच काही होते. वाचणारी पिढी गेली, वाडे पाडून सदनिका झाल्या, आणि ते सारे किलोच्या भावाने पस्तीत गेले. कायद्यानेही अशा कागदांकडे पाहिले आहे. पुरावशेष आणि बहुमोल कलाकृतींविषयीच्या 1972 च्या कायद्यात इतर वस्तूंसाठी किमान 100 वर्षांची अट असली, तरी शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेल्या हस्तलिखिताला 75 वर्षेच पुरतात. भांड्यांच्या यादीला तो कायदा लागू होईल की नाही, हा प्रश्न वकिलांचा आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ती यादी जगात एकच होती.

माझ्या मते या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली हीच आहे. जुन्या बाजारातील वस्तू हातात घेतल्यावर ती हजारांतली एक आहे की एकुलती एक, हे आधी पाहावे. हजारांतली असेल, तर खुशाल कापावी, रंगवावी, मोडून दुसरे काही करावे. एकुलती एक असेल, तर तिच्यापासून काहीतरी घ्यावे, पण ती खर्च करू नये. आणि आज हाती असलेल्या नव्या तंत्रांपैकी पुष्कळशी तंत्रे नेमकी अशीच आहेत, की जी जुन्या वस्तूला धक्का न लावता तिचे रूप दुसरीकडे उतरवतात.

मी जुन्याला हात लावू नये असे म्हणणाऱ्यांपैकी नाही, हे येथेच स्पष्ट करते. जुन्यावर नवे चढवणे हा आपल्याच आज्यांचा उद्योग आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे घरोघर पोहोचली, तेव्हा बायकांनी त्या चित्रांतील देवींना खऱ्या कापडाची लुगडी नेसवली, काठांना जरी लावली, मुकुटावर टिकल्या आणि मणी टाचले. आमच्या आजोळी देवघराशेजारी अशी एक लक्ष्मी होती. तिच्या पदराची जरी कागदावर बारीक टाक्यांनी शिवलेली होती आणि कमळाच्या पाकळ्यांवर अभ्रकाची पूड चमकत असे. ज्या चित्रकाराने बडोद्याच्या राजवाड्यासाठी चित्रे रंगवली, त्याच्याच चित्राच्या छापील प्रतीवर घरातल्या बाईने आपली सुई चालवली, यात मला काही वावगे वाटत नाही. ती हजारांतली एक प्रत होती आणि सुई लागल्यावर ती एकुलती एक झाली. आज तशी सजवलेली प्रत बाजारात दिसली, तर मात्र जरी उसवून घेण्यासाठी तिला हात लावू नये. दारावर जुनी जरी मागत येणारे लोक ती जाळून चांदी काढतात. तेवढ्यासाठी एखादीची महिन्या-दोन महिन्यांची शिवण जाऊ नये.

मोडीच्या कागदाकडे परत येते. त्या पेटीनंतर मी जे शिकले, ते वाचकांच्या उपयोगाचे आहे. मूळ कागद सपाट करून त्याची छायाप्रत काढावी, परंतु ती पावडरच्या शाईने छापणाऱ्या यंत्रावर काढलेली असावी, कारण पातळ शाईच्या छपाईला हे तंत्र लागू पडत नाही. प्रत आरशातल्यासारखी उलटी काढून घ्यावी. लाकडावर ॲक्रिलिक मीडियम या चिकट, पारदर्शक द्रवाचा एकसारखा थर द्यावा, त्यावर प्रत छापील बाजूने पालथी घालावी, हवेचे बुडबुडे हलक्या हाताने बाहेर काढावेत आणि रात्रभर वाळू द्यावी. सकाळी ओल्या स्पंजाने कागद भिजवून बोटाच्या पेराने गोल गोल चोळले, की कागदाचा लगदा सुटतो आणि अक्षरे तेवढी लाकडात राहतात. एकदा चोळून वाळल्यावर पुन्हा पांढुरके दिसते. तेव्हा पुन्हा भिजवून चोळावे लागते आणि घाई केली तर अक्षरेही निघून येतात. मी तीन पाट्या बिघडवल्या, चौथी जमली. चिकटवलेल्या कागदापेक्षा हे काम कितीतरी देखणे होते, कारण लाकडाच्या रेषा अक्षरांच्या मधून दिसतात. मूळ कागद फडक्यात जसाच्या तसा राहतो आणि एखाद्या मोडी जाणकाराला किंवा आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरातील अभ्यासकांना दाखवता येतो.

ज्यांना मूळ कागद किंवा छायाचित्र चौकटीत लावायचेच आहे, त्यांनी निदान बाजारचा पांढरा डिंक वापरू नये. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ शिजवावी, गार करावी आणि फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना लावावी. खळ पाण्याने सुटते. उद्या कुणाला तो कागद काढायचा झाला, तर तो फाटल्याशिवाय निघेल.

आता ठशांविषयी. सागाच्या लाकडात कोरलेले हे ठसे, ज्यांना इकडे बीबां म्हणतात, शुक्रवारीत अधूनमधून येतात. गांधीनगरजवळचे पेथापूर त्यांच्या कोरीवकामासाठी नावाजलेले गाव आहे. बाह्यरेषेचा ठसा वेगळा, आतला रंग भरण्याचा वेगळा, जमिनीचा म्हणजे पार्श्वभूमीचा वेगळा, असा एका फुलासाठी तीन-चार ठशांचा संच लागतो आणि बाजारात येईपर्यंत तो संच बहुधा फुटलेला असतो. माझ्याजवळ कोयरीचा एक ठसा आहे. त्याची मूठ वापरणाऱ्याच्या तळहाताने एका बाजूला इतकी झिजली आहे, की ती उजव्या हातात बरोबर बसते आणि डाव्या हातात बसत नाही. पोटातून आरपार काढलेली छोटी भोके हवा जाण्यासाठी असतात. त्यांत निळा रंग दगडासारखा भरला होता. कोयरीच्या टोकाची एक पाकळी उडाली आहे. असा ठसा भिंतीवर टांगून त्याला आकडे ठोकणे म्हणजे अजून काम करू शकणाऱ्या माणसाला कोपऱ्यात उभे करण्यासारखे आहे.

ठसा साफ करायला मला चार दिवस लागले. तो पाण्यात बुडवून ठेवू नये, लाकूड फुगते; कोमट पाण्यात बुडवलेल्या दातांच्या जुन्या ब्रशाने थोडे थोडे घासावे, रेषांतील रंग शिवणाच्या सुईने उकरावा, सावलीत वाळवावे आणि मग तेल पाजावे. कारागीर नवा ठसा वापरात आणण्यापूर्वी तेलात मुरवतात, त्याचे कारण हेच की तेल प्यायलेले लाकूड तडकत नाही. तेल पूर्ण मुरल्याशिवाय कापडावर ठसा टेकवू नये, डाग पडतो. छापताना टेबलावर घोंगडीच्या दोन घड्या आणि वर सुती चादर असावी. कडक टेबलावर ठसा नीट उमटत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते, दोन मीटर मांजरपाट वाया गेल्यावर कळले.

याच छपाईने मला शुक्रवारीतील सर्वांत स्वस्त वस्तूचा उपयोग शिकवला, तो म्हणजे गंजलेल्या लोखंडाचा. मोडके कुलूप, खिळे, बिजागऱ्या, सायकलीच्या साखळीचे तुकडे भंगाराच्या भावाने मिळतात. छापील कापडाची आपली जुनी रीत अशी, की गंजके लोखंड, गूळ आणि पाणी मातीच्या मडक्यात घालून पंधरा-वीस दिवस आंबवत ठेवायचे. त्यातून जे गढूळ पाणी निघते ते गाळून चिंचोक्याच्या पिठाबरोबर शिजवून घट्ट करायचे आणि त्याने छापायचे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेले हवे. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. हिरड्याने पिवळसर झालेल्या कापडावर ठसा टेकताना खळ मळकट राखाडी दिसते आणि पाहता पाहता, वाळेपर्यंत, ती काजळासारखी काळी होते. लोखंड आणि हिरड्यातील तुरट द्रव्य यांचा तो संयोग. मडके गच्चीच्या कोपऱ्यात झाकून ठेवावे, कारण वास येतो आणि शेजारी विचारायला येतात. एक गोष्ट मात्र मानली पाहिजे, की ही काळी छपाई कापडाला काळाने कमजोर करते, म्हणून आजीच्या चंदेरीवर तिचा प्रयोग करू नये. नव्या मांजरपाटावर करावा.

क्रोशाच्या रुमालांविषयी तर मला विशेष लिहायचे आहे. ताटावर झाकायचा, रेडिओवर घालायचा, दुधाच्या पातेल्यावर पसरायचा आणि कडेला काचेचे मणी ओवलेला हा रुमाल प्रत्येक मराठी घरात होता. शुक्रवारीत ते गठ्ठ्याने मिळतात, दहा रुपयांना एक. लेखात ते कापण्याचा सल्ला आहे. क्रोशाची वीण एकाच धाग्याची असते. एका ठिकाणी कापली की ती साऱ्या बाजूंनी उसवू लागते आणि मग ती थांबवण्यासाठी डिंक थापावा लागतो, म्हणजे रुमाल जातोच आणि झालेली वस्तूही टिकत नाही. त्याऐवजी उन्हाने त्याची छाया कापडावर घ्यावी, असे मी सुचवते. मी ही रीत शिकले आणि तेव्हापासून माझा प्रत्येक उन्हाळा निळा झाला आहे.

सायनोटाइप असे या रीतीचे नाव आहे. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने ती 1842 मध्ये शोधून काढली आणि लगेच पुढच्या वर्षापासून ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळे कागदावर ठेवून त्यांच्या शेकडो निळ्या छाया काढल्या. घराचे नकाशे पूर्वी निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांत मिळत, तेही याच रीतीने काढलेले असत. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात आणि पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात असे दोन वेगळे द्राव करायचे; ही दोन्ही रसायने प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. कामाच्या वेळी मंद उजेडात दोन्ही द्राव समसमान मिसळून, खळ धुऊन काढलेल्या सुती कापडावर रुंद कुंचल्याने लावायचे आणि अंधाऱ्या खोलीत वाळवायचे. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, आणि दुसऱ्या द्रावाजवळ आम्ल किंवा विस्तव आणू नये.

वाळलेले कापड पिवळट हिरवे दिसते. त्यावर मी पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद घालते, म्हणजे जुन्या रुमालाला रसायन लागत नाही. त्यावर इस्त्री केलेला रुमाल पसरते आणि वर काच दाबून सारे गच्चीवर उन्हात नेते. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात दहा मिनिटे पुरतात, हिवाळ्यात वीसही लागतात. उघडे कापड आधी निळसर आणि मग राखाडी, जुन्या काशासारखे दिसू लागले, की आत आणून साध्या पाण्यात धुवायचे. पिवळेपणा पाण्याबरोबर वाहून जातो आणि गर्द निळ्या जमिनीवर रुमालाच्या विणीचे एकेक घर, एकेक खांब म्हणजे उभा टाका, कडेचा एकेक मणी पांढरा उभा राहतो. विणणाऱ्या बाईने एका फेरीत एक खांब कमी घातला होता, तेवढी फटसुद्धा उमटते. एका दिवसात रंग आणखी गडद होतो. साबणाच्या भुकटीने मात्र हे कापड धुवू नये, क्षाराने निळा रंग उडतो. माझे पहिले चार नॅपकिन असेच पिवळे पडले. एका रुमालाच्या मी आजवर तीसहून अधिक छाया घेतल्या आहेत आणि तो रुमाल कपाटात जसा होता तसा आहे.

ही रीत बडोद्यातच शिकवली गेली पाहिजे, असे मला वाटते, त्याला कारण आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कला भवन स्थापन केले, तेव्हा त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती त्याची सूत्रे दिली. रंगाई, सुतारकाम, चित्रकला आणि यंत्रविद्या एकाच छताखाली शिकवल्या जाव्यात आणि त्या देशी भाषांतून शिकवल्या जाव्यात, अशी ती कल्पना होती. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी छायाचित्रणाचे तंत्र शिकले ते याच कला भवनात. हात, रसायन आणि ऊन यांची ओळख या शहराला शतकाहून जुनी आहे. पुढे विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि 1961 पासून तिचे मेळे भरू लागले, त्यांत के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या कलावंताने लाकूड, मणी, चामडे, दोरा अशा साध्या जिनसांची खेळणी करून ती लोकांपुढे ठेवली. वस्तू मुळात काय आहे, हे ओळखून तिला दुसरे रूप द्यायचे, हे त्या खेळण्यांकडे पाहून कळते.

म्हणून शहरात सध्या घेतल्या जाणाऱ्या हस्तकलेच्या वर्गांविषयी थोडे स्पष्ट बोलते. मी एका वर्गाला गेले होते. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच चालते. पंधराशे रुपयांत प्रत्येकीला सारख्या वस्तूंची एक पेटी मिळाली: कारखान्यात कापलेली लाकडाची चकती, छापील फुलांचे कागद, डिंक आणि ‘जुने दिसावे’ म्हणून तडे पाडणारे वॉर्निश. दोन तासांत वीस जणींनी वीस सारख्या चकत्या केल्या. आलेल्या बायका उत्साही होत्या, हौशी होत्या, त्यांच्या हातांत कसब होते; परंतु कोणाच्याही चकतीत तिने शोधलेले असे काही नव्हते. नव्याला खोटे जुनेपण देण्यासाठी पैसे भरायचे आणि खरे जुने पस्तीत घालायचे, हे मला फार खटकते. त्याच वर्गाने पहिला तास शुक्रवारीत घेतला असता, शंभर रुपयांत प्रत्येकीने आपली वस्तू निवडली असती आणि दुसऱ्या तासाला तिचे काय करायचे, हे शिक्षिकेने सांगितले असते, तर वीस वेगवेगळ्या गोष्टी झाल्या असत्या.

कापावे काय, असे कोणी विचारील, तर कापण्याजोगे पुष्कळ आहे. पत्र्याचे बिस्किटांचे डबे, फुटक्या बांगड्या, सुटी बटणे, टवके उडालेल्या बश्या, फाटलेल्या सुती साड्या, कालबाह्य क्रमिक पुस्तकांची पाने, चौकटी, घड्याळांची निकामी चाके, कशावरही मनसोक्त प्रयोग करावेत. पितळेला मात्र रंग देऊ नये. चिंच आणि मिठाने ते उजळते, आणि नाही उजळले तरी त्याचा मंद तपकिरी रंग पांढऱ्या रंगापेक्षा बरा. गुजरातेतील संखेडा गावच्या लाखकामाच्या पाळण्याला किंवा चौरंगाला सँडपेपर लावू नये, कारण त्याची सोनेरी झळाळी ही लाखेच्या खाली दिलेल्या कथलाची असते आणि एकदा घासली की ती पुन्हा आणता येत नाही.

जुन्या रंगवलेल्या खेळण्यांविषयी आणि खिडक्यांच्या चौकटींविषयी एक सूचना लेखात असायला हवी होती. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा 2017 पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असू शकते. असा रंग कोरडा घासला, तर त्याची धूळ श्वासात आणि मुलांच्या बोटांवर जाते. जुना रंग घासायचाच असेल, तर ओला करून, तोंडाला नाक झाकणारा चांगला मुखपट्टा बांधून आणि मुलांना दूर ठेवून घासावा. नाहीतर न घासता त्यावर नवा थर द्यावा. असली खेळणी लहान मुलांना खेळायला देऊ नयेत.

दिवाळीची साफसफाई आता सुरू होईल. दांडिया बाजारातील, रावपुऱ्यातील आणि इतरत्र विखुरलेल्या आपल्या घरांतून माळे रिकामे होतील. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या माणसांना एकदा खाली बसवून, ट्रंकेतले एकेक काढून दाखवावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. कोणाचे लुगडे, कोणाच्या हातचा रुमाल, कोणाचे अक्षर, हे त्यांना सांगता येते, आणि ते ऐकल्यावर कात्री कुठे चालवायची हे बहुधा आपोआप कळते. मोडी कागद निघाले तर ते वाचून घेतल्याशिवाय कोणालाही देऊ नयेत.

आपल्यालाही एक विनंती. पुरवणीत पुन्हा असा लेख येईल, तेव्हा त्यात वस्तूची कृती देताना ती वस्तू मुळात कशी तयार झाली आणि तिच्यावरचे काम परत काढता येते की नाही, याची एक ओळ जरूर द्यावी. शक्य झाल्यास बडोद्यात मोडी वाचणारे जे थोडे जाणकार उरले आहेत, त्यांची यादीही त्यांच्या परवानगीने छापावी. माझ्या चुलत सासऱ्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली. लाल फडक्यातल्या गठ्ठ्यात अजून एकतीस पाने आहेत, आणि त्या मुलीचे नाव त्यांतल्या एखाद्या पानावर असेल, तर ते मला वाचून घ्यायचे आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे